पाच किलोमीटरपैकी तीन

आईला अडीच हजार वर्षांचं झाड दाखवायला नेलं आणि न दाखवताच परत आणलं. दोष झाडाचा नाही, रस्त्याचा नाही, पावसाचाही नाही. माझा आहे. तैवानमध्ये शिंचूच्या विज्ञान-उद्यानात नोकरी करणारे आपले बरेच जण आई-वडील आले की हाच बेत आखतात, म्हणून लिहितो.

स्मांगुस हे अटायल आदिवासींचं गाव. शिंचू जिल्ह्यातच, जिएनशी भागात, साधारण १५०० मीटर उंचीवर. इथे वीज आली १९७९ साली, तैवानच्या गावांमध्ये सगळ्यात शेवटी. १९९१ मध्ये गावामागच्या रानातल्या अवाढव्य सायप्रस वृक्षांचा बोभाटा झाला आणि १९९५ मध्ये गाडीरस्ता पोहोचला. त्याआधी पोरं दरी उतरून, समोरचा डोंगर चढून शाळेत जायची. हे सगळं मी वाचलं होतं. तरी नकाशावरचे किलोमीटर बघून मनात पुणे-लोणावळा धरलं. तिथेच फसलो.

शनिवारी आई-बाबांना घेऊन, पोहे खाऊन दहाला निघालो. नेईवान हे रेल्वेफाट्याचं शेवटचं गाव, तिथे बाजारपेठेत तासभर रमलो. पुढे डोंगरात शिरायला पोलिसांचा परवाना लागतो, हे मला माहीत होतं. तो चौकीवर मिळतो, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं एवढंच, की बाबांचा पासपोर्ट माझ्या घरी कपाटात आहे.

चौकीतला पोलीस बिचारा भला. नंबर चालेल म्हणाला. पण नंबर कुणाला पाठ असतो? बायको घरी होती, तिने कपाट उपसून फोटो पाठवला. त्यात पाऊण तास गेला. आणि पाऊण तास म्हणजे फक्त पाऊण तास नव्हे, हे मला शिउलुआन गावाच्या पुढे कळलं. शेवटचा टप्पा इतका अरुंद, की वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या गाड्यांना आलटूनपालटून, ठरल्या वेळेलाच सोडतात. आमची पाळी नुकतीच संपली होती. बसलो वाट बघत. मग वळणं सुरू झाली, त्यात धुकं उतरलं. आईला तीनदा उलटी झाली. गोळी बॅगेत होती, बॅग डिकीत होती. ती गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, पोट ढवळल्यावर नव्हे, हे आईनेच मला शाळेच्या सहलींना शिकवलेलं.

गावात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. जेवणात डुक्कर, कोंबडी आणि डोंगरातल्या भाज्या. शाकाहारी आहोत हे मी खोली ठरवतानाच सांगायला हवं होतं. तैवानमध्ये शाकाहार नवा नाही, सांगितलं की करतात. पण दुकानं नसलेल्या डोंगरावर रात्री साडेसातला सांगून काय उपयोग? आईने भात, परतलेला पाला आणि सोबत नेलेलं मेतकूट खाल्लं. एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त लागतं.

झाडाकडे जायची वाट एका बाजूने पाच किलोमीटरच्या थोडी वर. सोपी आहे, पण जाऊन-येऊन पाच-सहा तास धरायलाच हवेत. आम्ही एकच रात्र घेतली होती, खाली सुटायची वेळ ठरलेली, आणि आईला ऊठसूट चक्कर येत होती म्हणून निघालो दहाला. गणित आधीच चुकलेलं होतं. बांबूचं बन ओलांडलं, पुढे ओल्या पालापाचोळ्यावर बाबांचा गुडघा कुरकुरायला लागला. तीन किलोमीटरवर मी घड्याळ बघितलं आणि आई म्हणाली, "फिरूया रे. अंधारात घाट नको."

तिथेच वरून उतरणाऱ्या एका आजींनी आईला आपल्या फोनवर झाड दाखवलं. याया क्पारुंग. अटायल भाषेत याया म्हणजे आई. बुंध्याचा घेर वीस मीटरच्या आसपास. फोटोत ते मावलंच नव्हतं, नुसती तांबूस सालीची भिंत आणि तळाशी लाल जाकिटातली नात, बोटाएवढी. आईने फोटो मोठा करून बघितला, मग लहान करून बघितला.

उतरताना बाबांनी काठीसाठी एक पडलेली फांदी उचलली. आईने ठेवायला लावली. तिचं माहेर संगमेश्वराकडचं, तिथे देवरहाटीतलं वाळकं लाकूडही घरी आणत नाहीत. मी तिला इथली गोष्ट सांगितली. २००५ साली वादळात पडलेल्या झेल्कोव्हा झाडाचं लाकूड गावातल्या तिघांनी गावासाठी आणलं, तर त्यांच्यावर चोरीचा खटला झाला. निर्दोष सुटायला २०१० उजाडलं. आई म्हणाली, "पण ते गावाचं रान ना? मग त्यांनी नाही आणायचं तर कुणी?" तो खटला नेमका याच प्रश्नावर चालला होता. तुम्ही-आम्ही मात्र पाहुणे. सालीचा तुकडाही खिशात घालू नका.

आता कामाचं. स्मांगुसला नेहमीची बस जात नाही. गाडी स्वतःची नाहीतर घाटात मुरलेल्या ड्रायव्हरची. पेट्रोल सपाटीवरच भरा, रोख पैसे ठेवा. सगळ्यांचे पासपोर्ट सोबत, शिवाय फोटो फोनमध्ये. पहाटे सहाला घर सोडा, नेईवानची बाजारपेठ परतीला. जुलै ते सप्टेंबर तुफानांचे दिवस, दरड कोसळली की रस्ता बंद. तेव्हा बेतच करू नका.

आणि दोन रात्री राहा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. एक रात्र म्हणजे दोन दिवस गाडीत आणि मधे धावपळ. दोन रात्री घेतल्या की मधला अख्खा दिवस तुमचा. सातला निघायचं, झाडाखाली डबा खायचा, दुपारचं धुकं चढायच्या आत परत. खोलीच्या भाड्यात घासाघीस नको. २००४ पासून गावातल्या बहुतेक घरांनी जमीन, खोल्या, खानावळ, शेती समाईक केली आहे. तुमचे पैसे कुणा एका मालकाच्या खिशात जात नाहीत, मुलांची शिक्षणं त्यातून होतात. ओळख काढून खोली मिळवायची आपली सवयही तिथे चालत नाही. मी काढून पाहिली.

शनिवार-रविवारच्या खोल्या काही महिने आधीच भरतात. फेब्रुवारीत चेरी फुलते तेव्हा तर विचारूच नका. घरच्यांची विमानाची तिकिटं काढाल त्याच दिवशी गावाला फोन करा, आणि जेवणाचं त्याच फोनवर सांगून टाका.

आई-बाबा नोव्हेंबरात पुन्हा येताहेत. मंगळवार आणि बुधवार, दोन रात्री धरल्या आहेत. बाबांनी पासपोर्टचा फोटो न मागता पाठवून दिला, दोनदा.