प्लास्टर निघाल्यानंतरचं आत्ताच बोलू

अगं बाय, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, एकदा हे प्लास्टर निघू दे, मग सगळं मार्गी लागेल." तेव्हा मी गप्प बसले. शेजारी तुझ्या सासूबाई होत्या आणि तुझाही आवाज भरून आला होता. पण तेव्हापासून तेच मनात घोळतंय, म्हणून आज सविस्तर सांगते. प्लास्टरचे दिवस अवघड असतात हे खरं, पण त्या दिवसांत घर तुझ्या बाजूने असतं. तो पांढरा पाय सगळ्यांना समोर दिसतो. तो दिसेनासा झाला की लोकांच्या लेखी तू बरी झालीस. पाय मात्र तेव्हा कुठे बरा व्हायला लागलेला असतो. माझा घोटा मोडला होता तेव्हा मी यातून गेले आहे, आणि तुला त्या दिवसांत एकटं पडू द्यायचं नाही असं मी ठरवलंय.

हिशेब करून बघ. आषाढी एकादशीला कामावर जाताना पावसात पडलीस. एकाच पायाचा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला, प्लेट आणि स्क्रू बसले, आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. तिथून सहा आठवडे म्हणजे थेट गोकुळाष्टमी. आणि तिच्या मागोमाग अकरा-बारा दिवसांत दारात गौरी-गणपती. म्हणजे प्लास्टर निघणार आणि घरातलं सगळ्यात मोठं काम अंगावर येणार, दोन्ही एकदमच. मला धास्ती आहे ती या अकरा-बारा दिवसांची.

पण आधी आत्ताचं बोलू. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने तुमचं चारकोप वसवलं तेव्हा लोकांना छोटे छोटे भूखंड दिले आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधलं. म्हणून तर तुमच्याकडे खाली एक खोली, वर एक खोली आणि मधे तो उभा लोखंडी जिना. तू वर झोपायचा हट्ट सोड. पलंग खाली आणायला लाव, नाहीतर दोन गाद्या एकावर एक टाकून उंची कर, कारण जमिनीवरून एका पायावर उठणं हे पुन्हा पडायचं निमंत्रण आहे. जिना चढायलाच लागला तर उभी राहून चढू नकोस. पायरीला पाठ करून बस आणि हातांच्या आणि चांगल्या पायाच्या जोरावर एकेक पायरी वर सरक. उतरतानाही तसंच बसून. यात लाजायचं काही नाही. पुढे कुबड्या घेऊन चढायची परवानगी मिळेल तेव्हा एवढं पाठ ठेव: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

मोरीचा उंबरठा हा तुझा खरा शत्रू. प्लास्टिकची दणकट खुर्ची, हात असलेली, मोरीत कायमची ठेव. पायाला मोठी प्लास्टिकची पिशवी, वरून चिकटपट्टी, आणि तो पाय उपड्या बादलीवर बाहेरच्या बाजूला. आंघोळ उरकल्यावर लादी कोरडी केल्याशिवाय उठायचं नाही. कोणीतरी फडकं मारेपर्यंत तशीच बसून राहा. संडासासाठी कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. मेडिकलवाल्याला विचारलंस तर तो पत्ता देईल. ती आजारी म्हाताऱ्यांची वस्तू आहे असं मनात आणू नकोस. वॉकरला पुढे एक कापडी झोळी बांधून घे. फोन, चष्मा, औषधं, झाकणाची बाटली त्यात, म्हणजे हात मोकळे राहतात.

आता पायाचं. तू दिवसभर पाय स्टुलावर ठेवून बसतेस असं तुझी लेक सांगत होती. त्याने सूज उतरत नाही. पाय काळजाच्या पातळीपेक्षा वर हवा, म्हणजे आडवं होऊन खाली दोन-तीन उशा. बोटं मात्र तासातासाला हलवत राहा. आत खाज सुटली की विणायची सुई, पट्टी, पेन्सिल काहीही घालायचं नाही. कातडीला ओरखडा गेला तर आतल्या आत पिकतं आणि कळत नाही. केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा सोड, बरं वाटतं. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, प्लास्टर आवळल्यासारखं वाटायला लागलं, तर रात्र काढू नकोस. पोटरी दुखून टणक झाली किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर तडक हॉस्पिटल. पाय न हलवल्याने शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणूनच डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं असेल तर त्याचा एकही डोस चुकवायचा नाही. आणि तुमच्या गल्लीतल्या काकू हाडवैद्याकडून चोळून घे म्हणतात ना, त्यांना नम्रपणे नाही म्हण. आत प्लेट आहे, हाड कच्चं आहे, तिथे मालिश नको.

खाण्यात नाचणी ठेव. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामानाने तांदळात काहीच नाही. आंबील घे, भाकरी खा. पण नुसत्या कॅल्शियमने भागत नाही, प्रथिनंही लागतात. म्हणून डाळ, अंडी, दही आणि श्रावण संपला की मासे. सकाळी ऊन पडलं तर दाराशी खुर्ची टाकून बस. उन्हाने ड जीवनसत्त्व मिळेल आणि गल्लीतली चार माणसंही दिसतील. त्या चार माणसांची तुला औषधाइतकीच गरज आहे. दुपारी घर रिकामं झालं की तुला रडू येतं, लेकीवर उगाच ओरडतेस आणि मग वाईट वाटतं, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं. इतकी वर्षं सगळ्यांना हातात देणारी बाई पाण्याच्या भांड्यासाठी हाक मारते तेव्हा तिचा जीव कानकोंडा होतोच. हाक मार तरी. मनात कुढत बसण्यापेक्षा ती बरी.

पैशाचंही ऐक, कारण पगार कापला जाईल म्हणून तू लवकर रुजू होशील अशी मला भीती आहे. तू औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आहेस, पगार 21,000च्या आत आहे, विमा कापला जातो. कामगार विम्यात आजारपणाला पगाराच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. आणि तू तर कामावर जाताना पडलीस. घरून कामावर जातानाचा अपघात, वेळ आणि रस्ता जुळत असेल तर, कामावरचाच अपघात धरला जातो आणि मग 90 टक्के मिळतात. त्यासाठी मालकाने अपघाताचा अहवाल द्यावा लागतो. रजेचा दाखला विम्याच्या डॉक्टरांचा लागतो, म्हणून ऑपरेशनचे सगळे कागद आमच्या जावईबापूंना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, विमा दवाखान्यात दाखवून यायला सांग. आकुर्ली रोडच्या कामगार विमा हॉस्पिटलमध्येही चौकशी करता येईल. हा तुझा हक्काचा पैसा आहे, मिंधेपणा वाटायचं कारण नाही.

तर आता गोकुळाष्टमी. प्लास्टर कापतील आणि आतून जो पाय निघेल तो बघून घाबरू नकोस. कातडीचे कोरडे पापुद्रे, पोटरी वाळून निम्मी झालेली, घोटा सुजलेला, रंग काळपट. मला तर तो पाय माझा वाटलाच नव्हता. कोमट पाण्यात भिजवून तेल लाव, पण कातडी खरवडू नकोस. घोटा लाकडासारखा ताठ असेल. फिजिओ सांगतील तसं हळूहळू हलवायचा. मला त्यांनी अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला लावली होती, रोज दोन-तीनदा. पायाखालून टॉवेल घेऊन पंजा आपल्याकडे ओढायचा, तेही. वजन एकदम टाकायचं नाही. एक्स-रे बघून डॉक्टर किती म्हणतील तेवढंच, वॉकर धरून. संध्याकाळी सूज येणार. काही महिने येते, कोणाकोणाला वर्षभरही. त्याचा अर्थ काही बिघडलं असा नाही, पण त्या दिवशी जास्त उभं राहणं झालं हे मात्र ओळखायचं.

आणि सगळ्यात उशिरा काय येतं सांगू? उकिडवं बसणं. घोटा पुढे वाकायला लागतो तो शेवटी. विळीवर बसून भाजी चिरणं, पाटावर बसून मोदक वळणं, मांडी घालून पूजेला बसणं, गौरीसमोर खाली वाकून रांगोळी, यातलं काहीही यंदा तुझ्याच्याने व्हायचं नाही. आणि ओट्याशी चार तास उभं राहणंही नाही. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, पण "आता पाय सुटला ना" हे वाक्य त्यांच्या तोंडून येणार, आणि ते ऐकलं की तू कंबर कसणार. तुझा स्वभाव मी लहानपणापासून ओळखते. म्हणून हे आत्ता, प्लास्टर पायात असतानाच सांगून टाकायचं. आत्ता सांगितलंस तर सगळे ऐकतील. नंतर तेच सांगणं कामचुकारपणा वाटेल.

मी असं ठरवलंय, तुला पटतंय का बघ. मोदक बाहेरून सांगायचे. महावीर नगरच्या बाजूला घरगुती करून देणाऱ्या बायका आहेत, मी आगाऊ नोंदवते. नैवेद्यापुरते एकवीस घरी हवे असतील तर सारण तू खुर्चीत बसून कर आणि वळायला मी येते. गौरीचं आवरायला मोठ्या वहिनी येतील का, ते मी विचारते. तू विचारलंस तर त्यांना उपकार वाटेल, मी विचारलं तर वाटणार नाही. पाहुण्यांना चहा जावईबापू आणि लेक देतील. आरतीला तू खुर्चीवर बसायचं, पाय समोरच्या स्टुलावर. विसर्जनाला तू घरीच. गर्दीत एक धक्का लागला तर परत पहिल्यापासून.

कामावर जायला लागशील तेव्हाही पहिले काही दिवस चपला नकोत, मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाल. आणि माझ्याकडे यायचं झालं तर रेल्वेच्या पुलांच्या वाट्याला जाऊ नकोस. त्यापेक्षा डहाणूकरवाडीहून मेट्रो घे, स्टेशनला लिफ्ट आहे. दहिसरला गाडी बदलून आकुर्लीला उतर. लांबचा फेरा आहे, पण धक्काबुक्की कमी. मी खाली रिक्षा घेऊन थांबेन.

सासूबाईंशी बोलायचं तुला जड जात असेल तर रविवारी मी येतेच आहे, चहाच्या वेळी मीच विषय काढते. तू फक्त मधे "नाही हो ताई, जमेल मला" असं म्हणू नकोस. आणि फिजिओची वेळ सकाळी अकरानंतरची घे, म्हणजे इकडचा डबा भरून मला तुझ्याबरोबर यायला जमेल.