मुलांचा व्यायाम मोठ्यांच्या मापाने नको

मार्च लागला की आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी दोन दृश्ये हमखास दिसतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पुळणीवर पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण १६०० मीटर धावत असतात आणि त्यांच्यामागे आठ-दहा वर्षांची पोरे पळतात. वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीसाठी लेझीमचा सराव सुरू होतो, तिथेही लहानथोर एकाच रांगेत. हे पाहून आम्हाला आनंदच होतो. पण सगळ्यांना एकाच मापाने पळवणे बरोबर नाही.

हृदय आणि श्वास

मुलाचे हृदय लहान असते. एका ठोक्याला ते कमी रक्त ढकलते, म्हणून ठोके वाढवून गरज भागवते. जोरात धावताना मुलाचे ठोके मिनिटाला २०० च्या घरात जातात. चाळिशीतल्या माणसाचे साधारण १८० पर्यंत. ‘२२० वजा वय’ हा हिशेब मोठ्यांचा आहे, तो मुलांना लावू नये. मुलांचा श्वासही भरभर चालतो. पावले आखूड असल्याने त्याच वेगाने धावताना वजनाच्या मानाने त्यांना प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे मोठ्याच्या बरोबरीने धावणारे मूल त्याच्यापेक्षा जास्त कष्ट करत असते.

स्नायू आणि हाडे

जोराच्या कष्टात मुलांच्या स्नायूंत लॅक्टेट कमी साठते, म्हणून ती दमतात तशी लवकर सावरतातही. लंगडी, खो-खो, कबड्डी असे थांबत-पळत खेळायचे खेळ त्यांना मानवतात. वयात येण्यापूर्वी व्यायामाने ताकद वाढते, पण दंड फारसे भरत नाहीत. मेंदू आणि स्नायू यांचा मेळ सुधारतो. जोर-बैठका चालतील, जड वजने नकोत. हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग अजून कोवळा असतो. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखणे राहिले तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये.

ऊन आणि पाणी

वाटीतली पेज पातेल्यातल्या पेजेपेक्षा लवकर निवते. मुलाचेही तसेच. २८ किलोच्या मुलाची त्वचा सुमारे १ चौरस मीटर, ७० किलोच्या माणसाची सुमारे १.८, म्हणजे किलोमागे मुलाचीच जास्त. हवा अंगापेक्षा तापली तर तेवढ्याच वेगाने उष्णता आत शिरते. शिवाय मुलांना घाम कमी येतो आणि आपल्या दमट हवेत तो नीट वाळतही नाही.

पोहताना हाच हिशेब उलटा लागतो. धरमतर ते गेटवे हे सुमारे ३६ किलोमीटरचे सागरी अंतर मुलेही पोहतात. पण पाण्यात मुलाचे अंग लवकर गार पडते. दात वाजू लागले, ओठ निळसर दिसले की मुलाला बाहेर काढावे.

काय करावे?

• जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल हवी. मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे. मुलांचा वेळ तुकड्यातुकड्यांनी भरला तरी चालतो.
• सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर घ्यावा. पहिल्या आठवड्यात निम्माच.
• दर १५-२० मिनिटांनी सावलीत थांबवून पाणी द्यावे; मूल मागेल याची वाट पाहू नये. सोय नसली की मुली पाणीच पीत नाहीत, म्हणून जवळच्या घरातले शौचालय आधी सांगून ठेवावे.
• डोके दुखणे, मळमळ, चक्कर आली तर सराव थांबवावा. मूल असंबद्ध बोलू लागले किंवा शुद्ध हरपली तर अंगावर पाणी ओतून वारा घालावा, १०८ ला फोन करावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.
• धावताना छातीत दुखले किंवा मूल कोसळले, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुन्हा पळवू नये.

शेवटी एकच सांगणे. रांगेतले पोर “दादा, दमलो” म्हणाले तर त्याला आळशी ठरवू नका, बसू द्या. पाच मिनिटांनी तेच सर्वांत पुढे दिसेल.