मुले असलेल्यांनाही घर

मुलांनो, भाड्याने घर देताना घरमालक काही प्रश्न विचारतो. तुम्ही काय काम करता? भाडे वेळेवर द्याल ना? हे प्रश्न रास्त आहेत. पण, “तुम्हांला मुले आहेत? मग घर मिळणार नाही,” असे कोणी म्हटले तर?

अमेरिकेत पूर्वी असे सर्रास घडत असे. १९८० साली तेथील सरकारने पाहणी केली. भाड्याच्या दर चार घरांपैकी सुमारे एका घरात मुलांना मज्जाव होता. मुले गोंगाट करतात, भिंती खराब करतात, अशी मालकांची तक्रार असे.

कॅलिफोर्निया राज्यात एका जोडप्याला बाळ झाले. तेव्हा मालकाने त्यांचा भाडेकरार पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले. १९८२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. जो भाडेकरू खरोखर त्रास देतो, त्याच्यावर मालकाने इलाज जरूर करावा. परंतु मुले त्रास देतातच असे मानून सर्व मुलांना दार बंद करता येणार नाही.

हा निकाल एका राज्यापुरता होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, एप्रिल १९६८ मध्ये, अमेरिकेत घरांविषयी एक कायदा झाला होता. वंश, रंग, धर्म पाहून घर नाकारण्यास त्याने बंदी केली. १९८८ साली त्यात दुरुस्ती झाली आणि अठरा वर्षांखालील मुले असलेल्या कुटुंबांनाही संरक्षण मिळाले. गर्भवती स्त्रीलाही हा हक्क आहे. ‘मुले नकोत’ अशी जाहिरात देता येत नाही. मुले आहेत म्हणून जास्त अनामत मागता येत नाही. अन्याय झाल्यास एक वर्षाच्या आत सरकारकडे तक्रार करता येते.

कायद्याने वृद्धांचाही विचार केला आहे. केवळ ज्येष्ठांसाठी असलेल्या वसाहतींना, ठरावीक अटींवर, सूट आहे. एका खोलीत किती माणसे राहावीत याचे वाजवी नियमही करता येतात. मात्र ते सर्वांना सारखे लागू हवेत.

घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. जवळची शाळा, शेजार, खेळायला जागा हे सारे घराबरोबर मिळते. घर नाकारले, की मुलाला यांतले बरेच काही नाकारले जाते.

शब्दार्थ
रास्त – योग्य
सर्रास – सगळीकडे, नेहमी
मज्जाव – मनाई
वाजवी – योग्य, बेताचे
अनामत – सुरक्षेसाठी आगाऊ ठेवलेली रक्कम

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९८० च्या पाहणीत काय आढळले?
(आ) कोणत्या वसाहतींना सूट आहे?
२. कारण सांगा : मालकाने जोडप्याचा भाडेकरार पुढे चालू ठेवला नाही.
३. मालक, तक्रार, हक्क, कायदा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
४. घरमालक आणि मुले असलेला भाडेकरू यांच्यातील संवाद लिहा.