स्तनपान : पहिल्या तासाचे मोल

मातेचे दूध हे बाळाचे सर्वोत्तम अन्न होय, याविषयी आता दुमत राहिलेले नाही. प्रश्न आहे तो हे अन्न बाळाला वेळेवर मिळते किंवा नाही, हा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील दोन आकडे या संदर्भात शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०१५-१६ मध्ये देशातील ७८.९ टक्के प्रसूती रुग्णालयांत व आरोग्यकेंद्रांत होत असल्याचे आढळले. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर पोहोचले. मात्र जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान मिळालेल्या बालकांचे प्रमाण ४१.६ वरून अवघे ४१.८ टक्के झाले. माता रुग्णालयात पोहोचली, परंतु बाळ वेळेवर तिच्या कुशीत पोहोचले नाही. म्हणूनच या विषयाचा विचार प्रथम आम्हां रुग्णालयांनी करावयास हवा.

पहिला तास व चीक

जन्मानंतरचा पहिला तासभर बाळ बहुधा जागे व सावध असते. त्याला कोरडे करून मातेच्या उघड्या छातीवर ठेवल्यास त्याला ऊब मिळते आणि ते स्वतःहून स्तन शोधू लागते. बाळाच्या चोखण्याने गर्भाशय आकुंचन पावते व मातेचा रक्तस्राव आटोक्यात राहण्यास मदत होते. सिझेरियन झालेल्या मातेलाही, ती शुद्धीवर असेल आणि दोघांची प्रकृती स्थिर असेल, तर परिचारिकेच्या मदतीने हे शक्य होते.

पहिल्या दिवसांतील दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. रोगप्रतिकारक घटकांनी तो समृद्ध असतो. 'शिळे दूध' समजून तो पिळून टाकण्याची आणि त्याऐवजी मध किंवा साखरेचे पाणी चाटवण्याची रीत काही घरांत अद्यापि दिसते. ती सोडून द्यावयास हवी. चीक थोडा असतो हे खरे, पण पहिल्या दिवशी बाळाची भूकही एका वेळी चहाच्या चमच्याएवढीच असते.

'दूध पुरत नाही'

प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे वाक्य हमखास कानी पडते. बाळ रडते, माता थकलेली असते, आणि भेटीस आलेले कोणीतरी वरच्या दुधाचा डबा सुचवते. येथेच घात होतो. दूध तयार होण्याचा नियम साधा आहे : बाळ जितके चोखेल आणि स्तन जितके रिकामे होतील, तितके दूध अधिक तयार होते. वरच्या दुधाने पोट भरलेले बाळ कमी चोखते, त्यामुळे दूध खरोखरच कमी होते, आणि मूळची शंका खरी ठरल्यासारखी वाटते.

अशा वेळी प्रथम बाळाची पकड पाहावी. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात, ही योग्य पकड होय. केवळ स्तनाग्र तोंडात असेल तर मातेला वेदना होतात आणि बाळ उपाशी राहते. दिवसा व रात्री मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटणे स्वाभाविक आहे. साधारणतः दोन आठवड्यांच्या आत ते जन्मवेळेइतके होते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि वजन वाढू लागले असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे. बाळ सुस्त असेल, लघवी कमी होत असेल किंवा पीत नसेल, तर मात्र विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

कुटुंबीयांस विनंती

पहिले सहा महिने बाळाला मातेच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. गुटी नको, आणि उन्हाळ्यात पाणीही नको. डॉक्टरांनी सांगितलेली औषधे तेवढी अपवाद. सहा महिने पूर्ण होताच घरचा मऊ आहार सुरू करावा आणि स्तनपान दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे. आजीने प्रेमाने केलेली अळिवाची खीर व डिंकाचे लाडू बाळंतिणीने अवश्य खावेत. परंतु त्याहून मोठा आधार म्हणजे तिला मिळणारी झोप आणि 'तुला जमेल' हा घरच्यांचा विश्वास. रात्री बाळाला उचलून देणे, दुपटी बदलणे, ही कामे पित्यानेही करावीत. काही मातांना आजार किंवा अन्य कारणाने पाजता येत नाही. त्यांना दोष न देता वैद्यकीय सल्ल्याने पर्याय योजावा.

रुग्णालयाचे कर्तव्य

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसूतिगृहांसाठी दहा सूत्रे सांगितली व २०१८ मध्ये त्यांत सुधारणा केली. प्रशिक्षित कर्मचारी आणि माता व बाळ यांना एकत्र ठेवणे, ही त्यांतील महत्त्वाची सूत्रे आहेत. १९९२ चा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिरातीस व फुकट नमुने वाटण्यास मनाई करतो. मातांच्या खाटेजवळ असा डबा पोहोचू न देणे, ही विश्वस्त मंडळाचीही जबाबदारी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काय करता येते, याचा आदर्श मुंबईतच आहे. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली.

देणगीदारांच्या औदार्यातून आलेल्या यंत्रांनी अनेक जीव वाचतात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तथापि स्तनपानासाठी यंत्र लागत नाही. रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाजवळ आणि घाबरलेल्या मातेजवळ शांतपणे अर्धा तास बसणारी प्रशिक्षित परिचारिका लागते. तिच्या नावाची पाटी कोणत्याही भिंतीवर लागत नाही. पण अशा परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी व वेतनासाठी दिलेले दान घरोघरी निरोगी बाळाच्या रूपाने वाढत राहते. या दानाचाही आपण विचार करावा, ही नम्र विनंती.