बोअरच्या पाण्याचे वय ओळखा

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की बोअर घेतला जातो. तो आटला की आणखी खोल. लागलेले पाणी गेल्या पावसाचे की शेकडो वर्षांपूर्वीचे, हे रंगाचवीवरून कळत नाही. पण पाण्याचे वय प्रयोगशाळेत काढता येते.

वय कसे कळते?

हवेतील कर्बात कार्बन-14 हा किरणोत्सारी प्रकार फारच थोडा असतो; सुमारे एक लाख कोटी अणूंमागे एक. पावसाचे पाणी मुरताना मातीतील कर्बवायू विरघळवून घेते. खोल गेल्यावर नवा पुरवठा थांबतो आणि असलेला कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो. उरलेल्या प्रमाणावरून वय निघते.

पूर्वी अणूंचा क्षय होण्याची वाट पाहत मोजणी करावी लागे. त्यासाठी काही ग्रॅम कर्ब लागत असे. 1977 पासून पुढे आलेल्या त्वरक यंत्राच्या पद्धतीत अणूच एकेक करून मोजतात. कर्बाचे ग्राफाइट करून त्याचे ऋणभारित अणू अतिवेगाने सोडतात. वाऱ्यावर उपणताना दाणा व भुसा वेगळा पडतो, तसे चुंबक जड व हलके अणू वेगळे करते. तेवढ्याच वजनाचा नायट्रोजन ऋणभार धरत नाही, म्हणून तो आधीच गळतो. सुमारे एक मिलिग्रॅम कर्ब पुरतो. तो लिटरभर पाण्यातून मिळतो. दिल्लीचे आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र व अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा येथे अशी यंत्रे आहेत.

मात्र चुनखडीतील जुना कर्ब मिसळल्यास पाणी आहे त्याहून जुने भासते. बोअरमध्ये अनेक थरांचे पाणी एकत्र येते. म्हणून शास्त्रज्ञ इतर तपासण्यांची जोड देतात.

आपण काय करावे?

आपल्या काळ्या पाषाणात पाणी फटींत व सच्छिद्र थरांतच साठते. दरवर्षी मुरणारे पाणी हे व्याज, जुना साठा हे मुद्दल. प्रत्येकाने अशी तपासणी करण्याची गरज नाही. पुढील गोष्टी कराव्यात :

1. ऑक्टोबर व मे महिन्यात, पंप एक दिवस बंद ठेवून पाण्याची पातळी मोजावी व वहीत नोंदवावी.

2. चांगला पाऊस होऊनही पातळी वर येत नसेल तर मुद्दल संपत आहे असे समजावे. अशा पाण्यावर ऊस घेऊ नये; ज्वारी, हरभरा, तूर घ्यावी.

3. बांधबंदिस्ती करावी. पुनर्भरणाचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतूनच सोडावे.

बोअर खोल नेल्याने पाणी वाढत नाही. जुना साठा तेवढा लवकर संपतो.