मनाचीं दुखणीं : तीं ओळखावीं कशीं

आडसाली ऊस पिवळा दिसूं लागला म्हणजे शहाणा शेतकरी लगेच युरियाचें पोतें फोडीत नाहीं. तो आधीं सरींत उतरतो. नवीं पानें पांढरट पडून शिरा हिरव्या राहिल्या असतील तर लोहाची उणीव, म्हणजे केवडा. जुनीं पानें आधीं पिवळीं झालीं असतील तर नत्राची उणीव. बेट हातानें ओढतांच उपटून आलें तर मुळांशीं हुमणी. आणि पाय रुतत असेल तर पाण्यास निचरा नाहीं. रंग एक, कारणें चार, आणि उपाय चारही निराळे. हीच चिकित्सक दृष्टि आपण घरांतील माणसाकडे मात्र वळवीत नाहीं. कर्ता पुरुष तीन आठवडे नीट जेवत नाहीं, रात्र रात्र ओसरीवर बसून काढतो, तर आपण म्हणतों, आळस भरला आहे; नाहीं तर म्हणतों, मन घट्ट कर; आणि फार झालें तर म्हणतों, बाहेरचें कांहीं लागलें असेल. या लेखांत मनाचीं नेहमीं आढळणारीं दुखणीं कोणतीं, तीं कशीं ओळखावीं व पुढें काय करावें, याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

आम्ही वैद्य नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि उमर गेली महसुली कचेरींत. तरी हा विषय आम्हीं कां घेतला, तें सांगणें प्राप्त आहे. दुष्काळाचे एका वर्षीं एका शेतकऱ्यानें आत्महत्या केली व चौकशीचे कागद आमचे हातून गेले. कर्ज कोणाचें, थकबाकी किती, वसुलीचा तगादा होता काय, सातबारा कोणाचे नांवें, इतके रकाने आम्हीं नेमके भरले. कारण सरकारी मदत मिळण्यास प्रकरण पात्र कीं अपात्र तें यावरून ठरतें. त्याची बायको म्हणाली, "भाऊसाहेब, दोन महिने त्यांना झोप नव्हती. पुढ्यातलं ताट तसंच सारायचे. देवऋष्याकडं दोनदा जाऊन आलो." हें लिहिण्यास रकाना नव्हता, आम्हीं लिहिलें नाहीं. याहून वाईट गोष्ट अशी, कीं महिन्यापूर्वीं तोच मनुष्य आम्हांस बाजारांत भेटला होता. त्याचा चेहरा पाहूनही आम्हीं, "पाऊस पडेल, मन घट्ट करा," एवढेंच बोलून पिशवी उचलली. तो रोगी आहे हें आम्हांस ओळखतां आलें नाहीं. वाचकांस तें ओळखतां यावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

दुःख आणि रोग यांतील भेद

बारामती तालुक्यांत सुपें, मोरगांव या जिराईत बाजूस पाऊस हुकला, इंदापुरांत नीरा डाव्या कालव्याच्या शेपटास पाणी पोंचलें नाहीं, किंवा डाळिंबावर तेल्या आला, तर वाईट वाटणें हें शहाणपणाचेंच लक्षण होय; त्यास रोग म्हणूं नये. रोग कोणता, हें तीन मापांनीं मोजावें. पहिलें माप मुदतीचें : दुःख ओसरतें आहे कीं आठवड्यामागून आठवडे तसेंच बसलें आहे? दुसरें व्याप्तीचें : केवळ बुडालेल्या पिकाचें वाईट वाटतें, कीं लेकीचें बोलणें, बैलांचा पोळा, गांवची जत्रा, कशांतच जीव लागत नाहीं? तिसरें कामाचें : धार काढणें, पाणी देणें, सोसायटींत जाणें हीं नेहमींचीं कामें होतात कीं खोळंबलीं आहेत? तिन्ही मापें भरलीं तर मनुष्य आळशी नाहीं, आजारी आहे.

नैराश्याचा रोग

यास डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. याचीं मुख्य लक्षणें दोन : मन सतत खिन्न असणें, आणि पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींची आवड उडणें. त्यांच्या जोडीस पुढील सात येतात : झोप बिघडणें, विशेषतः पहांटे फार लवकर जाग येऊन पुन्हां डोळा न लागणें; भूक व वजन घटणें किंवा वाढणें; कष्ट न करतांही थकवा; हालचाल मंदावणें किंवा एके ठिकाणीं बसवेनासें होणें; लक्ष न लागणें व साधा निर्णयही न होणें; मी कुचकामाचा, सर्व दोष माझाच, असें वाटणें; आणि मरणाचे विचार येणें. या नवांपैकीं निदान पांच, व त्यांत मुख्य दोहोंपैकीं एक, असें बहुतेक रोज दोन आठवडे चाललें व त्यामुळें नित्याच्या व्यवहारांत अडचण आली, तर डॉक्टर हा रोग धरतात.

आपल्याकडे एक अडचण अशी, कीं कष्टकरी मनुष्य "मी उदास आहें" असें क्वचितच बोलतो. तो म्हणतो, डोकें दुखतें, पाठ भरून येते, पोटांत जळजळतें, अंगांत त्राण नाहीं. सलाईन लावून घेतो, छायाचित्रें काढवितो, आणि अहवालांत कांहीं निघत नाहीं. दुखणें खोटें नसतें. फक्त तें ज्या जागीं शोधलें त्या जागीं नसतें. पुरुषांत हाच रोग पुष्कळदां संतापाच्या रूपानें दिसतो. बाळंतीण स्त्री सारखी रडत असेल, तान्ह्याकडे तिचें मन वळत नसेल, आणि हें दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, तर ती नखरे करीत नाहीं, आजारी आहे, हें सासूबाईंनीं आवर्जून ध्यानीं धरावें.

चिंतेचे रोग

चिंता सर्वांस असते. परंतु ऊस तुटून गेला, बिल जमा झालें, तरी घोर तसाच राहतो, एक काळजी मिटली कीं दुसरी तिची जागा घेते, छातींत धडधड, मानेचे स्नायु ताठलेले, झोप उडालेली, आणि हें सहा सहा महिने चालतें, तेव्हां तो चिंतेचा रोग होय. दुसरा प्रकार झटक्याचा. एकाएकीं छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास पुरत नाहीं, आतां मरतों असें वाटतें; कांहीं मिनिटांत कळस होऊन नंतर तें ओसरतें. मात्र असा झटका प्रथमच आला तर तो मनाचा आहे असें घरीं ठरवूं नये. हृदयविकार नाहीं हें डॉक्टरांकडून आधीं पाहून घ्यावें.

दारू, आणि कांहीं गंभीर खुणा

झोप यावी म्हणून घेतलेली दारू झोप मोडते व नैराश्य वाढविते. परंतु रोज पुष्कळ पिणाऱ्यास घरच्यांनीं एकाएकीं कोंडून दारू तोडणें धोक्याचें आहे. हातांस कंप सुटतो, दोनतीन दिवसांत आंकडी येते किंवा भ्रम होतो, आणि त्यांत जीवही जाऊं शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीं सोडवावी.

कोणी नसतां आवाज ऐकूं येणें, सर्व जण मजविरुद्ध कट करीत आहेत असा पक्का संशय, किंवा कित्येक दिवस झोप जवळजवळ नसतां अफाट उत्साह, बडबड व उधळपट्टी, हीं निराळ्या व अधिक गंभीर रोगांचीं लक्षणें होत. ज्यास असा उत्साहाचा काळ पूर्वीं येऊन गेला असेल त्यानें तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. कारण नुसतें नैराश्याचें औषध अशास कधीं कधीं बाधतें.

शरीराचे रोग जे मनाचे वाटतात

थायरॉईड ग्रंथीचें काम मंदावणें, रक्त कमी असणें, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मधुमेह, क्षय, आणि कांहीं औषधांचा परिणाम यांनींही थकवा व उदासी येते. म्हणून शहाणा डॉक्टर प्रथम रक्त तपासतो. आपणही चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्या.

विचारावें कसें

चारचौघांत विचारूं नये. बांधावर किंवा गोठ्यांत दोघेच असतां शांतपणें म्हणावें, "दादा, दोन आठवडे बघतोय, तुमचं जेवण तुटलंय. रात्री झोप लागते का?" मग गप्प बसून ऐकावें. उपदेश करूं नये. दुसऱ्याचें कर्ज याहून मोठें आहे असें सांगूं नये. उत्तर काळजीचें वाटल्यास सरळ विचारावें, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असें विचारल्यानें तो विचार डोक्यांत शिरतो, ही समजूत चुकीची आहे; उलट ओझें उतरून मनुष्य बोलूं लागतो. उत्तर होय असें आलें तर त्यास एकटें सोडूं नये, व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. निरवानिरव करणें, कागदपत्र मुलाचे हवालीं करणें, फार दिवसांच्या खिन्नतेनंतर अचानक निवांत दिसणें, या खुणाही दुर्लक्षूं नयेत.

येथें औषधफवारणीच्या डब्यांविषयीं दोन शब्द. टोकाचा विचार पुष्कळदां थोड्या वेळाचा असतो; ती वेळ टळली तर मनुष्य वांचतो. श्रीलंकेंत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानें बंदी घातल्यावर, १९९५ ते २०१५ या वीस वर्षांत आत्महत्यांचें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांनीं उतरलें. आपले हातीं कायदा नाहीं, पण कुलूप आहे. विष घरांत, माळ्यावर किंवा पलंगाखालीं ठेवूं नये. वेगळ्या पेटींत कुलुपांत ठेवावें, उरलेलें साठवूं नये, आणि घरांत कोणी आजारी असतां किल्ली दुसऱ्याजवळ असावी.

उपाय

हे रोग बरे होतात. २०१५-१६ सालीं बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनें बारा राज्यांत पाहणी केली. आपलें राज्य त्यांत नव्हतें. दर १० प्रौढांत सुमारें एकास मनाचें कांहीं दुखणें आढळलें, आणि बहुतेकांस उपचार मिळालेले नव्हते. दुखणें दुर्मिळ नाहीं, उपचार दुर्मिळ आहे.

सौम्य रोगास बोलण्याचा उपचार पुरतो. गोव्यांत संगाथ या संस्थेनें डॉक्टर नसलेल्या सामान्य माणसांस शिकवून आरोग्यकेंद्रांत नैराश्याच्या रोग्यांशीं सहा ते आठ भेटी करविल्या. रोग्यास छोटीं छोटीं कामें पुन्हां सुरू करण्यास मदत करावयाची, ही त्यांतील मुख्य रीत. या रीतीनें अधिक लोक बरे झाले, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. मध्यम व तीव्र रोगांत गोळ्या लागतात. त्यांचा गुण दोन ते चार आठवड्यांनीं दिसूं लागतो. पहिल्या आठवड्यांत गुण नाहीं म्हणून सोडणें म्हणजे पेरून आठव्या दिवशीं कणीस शोधण्यासारखें आहे. बरें वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या व डॉक्टरांच्या सांगण्यानें हळूहळू बंद कराव्या. या गोळ्यांचें व्यसन लागत नाहीं. झोपेच्या गोळ्यांचें मात्र लागतें, म्हणून त्या आपले मनानें दुकानांतून घेऊं नयेत. देवास नवस करण्यास कोणाची मनाई नाहीं. नवसासाठीं औषध मात्र थांबवूं नये.

कोठें जावें

प्रथम जवळच्या सरकारी दवाखान्यांत विचारावें. बारामतीस २०१९ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. अशा महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग असतो. गंभीर रोग्यासाठीं पुण्यास येरवड्याचें प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४१६ हा टेलि-मानस दूरध्वनि केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केला. तो विनामूल्य आहे, अहोरात्र चालतो, व मराठींत बोलतां येतें.

पोलिसांच्या भीतीनें कित्येक घरें गोष्ट लपवितात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अंमलांत आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखालीं होता असें धरून त्यास शिक्षा न करतां उपचार मिळावे, असें तो सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत जुन्या ३०९ कलमासारखें सरसकट शिक्षेचें कलमही राहिलेलें नाहीं. तेव्हां लपविण्याचें कारण उरलें नाहीं.

शेवटीं एक खुलासा. शेतकऱ्याचें सर्व दुःख रोग आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कर्ज, भाव आणि पाणी हे प्रश्न खरे आहेत व ते सोडविण्यास गोळी उपयोगी नाहीं. त्याचप्रमाणें रोग जडला असतां नुसती कर्जमाफीही पुरत नाहीं. दोन्ही हिशेब वेगळे ठेवून दोन्ही फेडले पाहिजेत. आपल्या सभासदांनीं एवढें करावें : आपल्या वस्तीवरील जो मनुष्य अलीकडे बाजारास, पारावर, सभेस दिसेनासा झाला असेल, त्याच्या घरीं या आठवड्यांत एकदां जावें, आणि झोप लागते काय, जेवण जातें काय, हे दोन प्रश्न विचारावे. आमच्या नमुन्यांत त्यांस रकाना नव्हता. शेजाऱ्यास रकान्याची गरज नाहीं.