जीवशास्त्राची वही : नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षा





नववी-दहावीच्या जीवशास्त्राच्या वर्गात यंदा कोणते काम करायचे व आमची काय अपेक्षा आहे, असे बऱ्याच पालकांनी विचारले. त्याचे उत्तर देण्याआधी आपल्याच शहरातली एक गोष्ट सांगते.

बेगमपेठला जुन्या विमानतळाजवळ सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाची वास्तू आहे. आपण कितीदा तरी तिच्याजवळून जातो, पण बसच्या खिडकीतून ती क्वचितच कोणी पाहते. रॉस हे लष्करी डॉक्टर. हिवतापाचे जंतू डासात वाढतात का, हे शोधण्यासाठी त्यांनी 1895 पासून सिकंदराबादला डास कापून पाहिले. दोन वर्षे हाती काही लागले नाही, कारण ते ज्या जातींचे डास तपासत होते त्यांत हिवतापाचा जंतू वाढतच नाही. उकाडा असह्य, पण पंखा लावला तर डास उडून जातील म्हणून तोही बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले.

ऑगस्ट 1897 मध्ये त्यांच्या माणसाने आणलेल्या बाटलीतल्या अळ्यांतून पंखांवर ठिपके असलेले डास निघाले. त्या जातीचे शास्त्रीय नाव रॉसना ठाऊक नव्हते. त्यांनी वहीत दिसले तसे लिहिले, ठिपकेदार पंखांचा डास. हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासामागे एक आणा देऊन ते डास चाववले. 20 ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या डासात त्याच पेशी मोठ्या झालेल्या होत्या, म्हणजे त्या वाढत होत्या. दोन्ही दिवसांची नोंद मापासह नसती तर हे कळलेच नसते. पुढे 1898 मध्ये कलकत्त्याला त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचे पूर्ण चक्र दाखवले, त्याच वर्षी इटलीत ग्रासी व सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत ते सिद्ध केले, आणि 1902 मध्ये रॉसना नोबेल पुरस्कार मिळाला.

आता आपल्या वह्या. मागच्या वर्षी तपासताना एकाच वर्गात अनेक वह्यांमध्ये कांद्याच्या पेशींची आकृती हुबेहूब सारखी निघाली, चुकीसह. ती गाईडमधून उतरलेली होती. मला राग आला नाही, लाज वाटली. कारण मीही तेच केले होते. माझे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. माझे रेकॉर्ड बुक वर्गात सर्वांत देखणे होते. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी एका आकृतीवर बोट ठेवून विचारले, "यह आपने कहाँ देखा?" मी गप्प. सूक्ष्मदर्शकाचा फोकससुद्धा मला नीट लावता येत नव्हता.

म्हणून यंदा आकृतीच्या देखणेपणाला गुण नाहीत. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, काय दिसेल असे वाटले होते आणि काय दिसले, एवढे हवे. शिसपेन्सिलची साधी आकृती पुरे. पानातील पिष्टाचा प्रयोग बहुधा फसतो, कारण कुंडी दोन दिवस पूर्ण अंधारात ठेवायची असते आणि मुले एक संध्याकाळ ठेवतात. मग काळ्या कागदाखालचा भागही आयोडीनने निळा होतो. तसे झाले तर तसेच लिहा, खोडरबर वापरू नका. एका मुलीने लिहिले होते, "कागद नीट बसला नव्हता, कडेने ऊन आत गेले." तिला मी पूर्ण गुण दिले. (स्पिरिटमध्ये पान उकळणे मात्र फक्त प्रयोगशाळेत, बाईंच्या देखरेखीखाली.)

घरचे काम एकच. काचेच्या बाटलीत साचलेल्या पाण्यातल्या डासाच्या अळ्या ठेवा व तोंडाला जाळीचे कापड घट्ट बांधा. रोज ठरलेल्या वेळी पाहा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते की डोके खाली करून तिरपी लटकते? समांतर असेल तर अॅनोफिलिस, हिवतापवाली. तिरपी असेल तर क्युलेक्स किंवा डेंग्यू पसरवणारी एडिस. स्वल्पविरामासारखा कोष दिसला की त्याच दिवशी नोंद पूर्ण करून पाणी कोरड्या मातीवर ओतून द्या. डास घरात सोडल्यास आईची बोलणी खावी लागतील, त्यात शाळा मध्ये पडणार नाही.

पालकांना विनंती, दुकानातून तयार चार्ट व प्रोजेक्ट आणू नका. ते यंदा स्वीकारले जाणार नाहीत. मराठी संज्ञांनी पुढे इंटरमीडिएटला बायपीसीत अडेल, ही आपली काळजी खरी आहे, म्हणून वहीत पर्णरंध्र आणि स्टोमाटा असे दोन्ही शब्द लिहायचे आहेत. पण ज्याने पर्णरंध्र डोळ्यांनी पाहिले, त्याला दुसरे नाव शिकायला एक मिनिट लागते. याच शहरात उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि विज्ञानही उर्दूतून शिकवले गेले.

विश्वस्तांना एवढेच, आपल्या आठ सूक्ष्मदर्शकांपैकी तीन बंद आहेत. एका यंत्रामागे दहा मुले उभी राहतात आणि शेवटच्याला घंटा वाजेपर्यंत पाहायला मिळत नाही. मग तो गाईडकडे वळतो.

पहिली वही-तपासणी 20 ऑगस्टला, जागतिक डास दिनी. बाटल्या बरोबर आणाव्यात. ज्यांच्या बाटलीत काहीच उरले नसेल त्यांनी रिकामी आणावी, मात्र ती का रिकामी राहिली हे वहीत लिहिलेले असावे.

आपली,
मुख्याध्यापिका